फोनचा प्रदेश ‘भारत’ केला, तरी सबस्क्रिप्शन डॉलरातच कापतंय

फोटोवाला_राजारामपुरी

मंडळी, डोकं फिरायची वेळ आली म्हणून धागा काढतोय.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या एका ऑर्डरला चार-साडेचार हजार फोटो निघतात. मिटलेले डोळे, हललेले हात, अक्षता पडतानाचे एकसारखे वीस फोटो यातून चांगले तेवढे वेगळे काढून देणारं एक क्लाउडवरचं सॉफ्टवेअर यंदा मार्चमध्ये घेतलं. कंपनी अमेरिकेतली, नाव मुद्दाम लिहीत नाही. खातं काढून दिलं धाकट्या भावानं. तो ह्यूस्टनला असतो. पत्ता त्याचा, कार्ड माझं, महिन्याला २० डॉलर.

आता गंमत बघा. एप्रिलात १,९०९ रुपये गेले. ऑगस्टात १,९४५. या महिन्यात १,९५४. आणि गांधीनगरचा माझा दोस्त तेच सॉफ्टवेअर, तोच प्लॅन वापरतो, त्याला महिन्याला १,१७९. एक पैसा इकडं-तिकडं नाही.

तो म्हणाला, तुझ्या फोनचा प्रदेश चुकलाय. मग प्रदेश भारत केला, भाषा मराठी केली, फोन बंद करून चालू केला. अ‍ॅपमधला वीस मराठीत दिसायला लागला. अंक मराठी झाले, पैसे अमेरिकनच राहिले.

कुणी सांगेल का, नेमकं कुठलं बटण दाबायचं?

मिरजकर_तिकटी

भाषा बदलून दर उतरत असता तर आम्ही मोडी लिपी शिकलो असतो की राव.

शिरोली_कोडर

दादा, तुम्ही पाटी बदललीत, दुकान तेच राहिलं.

फोनमधला प्रदेश फक्त लिहायची तऱ्हा ठरवतो. तारखेत दिवस आधी की महिना आधी, स्वल्पविराम कुठं, आठवडा सोमवारी सुरू की रविवारी, अंक देवनागरी की इंग्रजी. लाख हा आकडा १,००,००० असा लिहायचा की १००,००० असा, एवढंच तो सांगणार. ते रुपये आहेत की डॉलर, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही.

दर लागतो तो खात्याच्या देशाचा. साइट पहिल्यांदा उघडता तेव्हा आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून, नुसता अंदाज बांधतात आणि त्या देशाचा दर दाखवतात. खातं काढताना तुम्ही देश सांगता, तो पक्का होतो. पैसे भरताना बिलिंगचा पत्ता येतो आणि कार्डाचे पहिले सहा किंवा आठ अंक वाचले जातात. त्यावरून कार्ड कुठल्या बँकेचं आणि कुठल्या देशातलं ते कळतं. या सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं नाही तर ऐकायचं कुणाचं, हे कंपनीगणिक वेगळं. काही जण कार्डच नाकारतात. तुमच्यावाल्यांनी ह्यूस्टनचा पत्ता धरला आणि कार्ड कुठलं का असेना, पैसे आले म्हणून गप्प बसले.

बिल उघडून बघा. बँकेचा मेसेज सोडा, कंपनीचं बिल. त्यात देश आणि टॅक्सची ओळ असेल, ती इथं टाका.

फोटोवाला_राजारामपुरी

बघितलं. देश अमेरिका, राज्य टेक्सास. प्लॅन २०.००, टॅक्स १.३२, एकूण २१.३२ डॉलर. हा टॅक्स कसला? मी जन्मात टेक्सासला गेलो नाही.

परदेशी_पाव्हणा

मी तिकडंच असतो, मूळचा कसबा बावड्याचा. तो टेक्सासचा सेल्स टॅक्स. राज्याचा ६.२५ टक्के आणि शहर वगैरे धरून ह्यूस्टनला ८.२५. क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरला टेक्सासमध्ये ‘डेटा प्रोसेसिंग’ समजतात आणि त्यातला २० टक्के भाग करमुक्त असतो. म्हणजे तुमच्या २० पैकी १६ डॉलरवर कर. १६ चे ८.२५ टक्के काढा, बरोबर १.३२ येतात.

तुम्ही राजारामपुरीत बसून ह्यूस्टनचे रस्ते दुरुस्त करताय. आपल्याकडचे कोण करणार ते विचारू नका.

फोटोवाला_राजारामपुरी

अहो पण २१.३२ ला डॉलरच्या भावानं गुणलं तरी १,९५४ येत नाहीत. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय.

शाहूपुरी_सीए

येतात. कार्डाचं स्टेटमेंट पूर्ण उघडा, नुसता एसएमएस बघू नका. एक व्यवहार स्टेटमेंटवर बहुतेक वेळा तुकड्यांनी येतो.

डॉलर ८८ धरू. २१.३२ गुणिले ८८, म्हणजे १,८७६.१६. ही झाली मूळ रक्कम. त्यावर बँकेचा परकीय चलन मार्कअप, म्हणजे चलन बदलून दिल्याचा आकार. बऱ्याच क्रेडिट कार्डांना तो ३.५ टक्के असतो, म्हणजे ६५.६७. हा मार्कअप बँकेची सेवा, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, ११.८२. बेरीज १,९५३.६५. तुमचे १,९५४ आले बघा.

थोडक्यात ३.५ टक्क्यांचं कार्ड प्रत्यक्षात ४.१३ टक्क्यांना पडतं. दर महिन्याला रक्कम हलते ती डॉलरच्या भावामुळं. आणि भाव तुम्ही बटण दाबलं त्या दिवसाचा लागेल असंही नाही, व्यवहार बँकेच्या खात्यावर चढतो त्या दिवसाचा लागू शकतो. परतावा आला तर तो परत वेगळ्याच भावानं. म्हणून २० डॉलर घेऊन २० डॉलर परत केले तरी रुपयांत तोटा दिसतो. तक्रार करण्याआधी हे तपासा.

तुमचा स्टुडिओ जीएसटीत नोंदलेला आहे का? असेल तर आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आवडणार नाही.

फोटोवाला_राजारामपुरी

आहे. सांगा, आता काय ऐकायचं राहिलंय.

शाहूपुरी_सीए

परदेशातून ऑनलाइन सेवा घेतली की तिच्यावर इथं १८ टक्के जीएसटी आहे. ग्राहक नोंदणीकृत नसेल तर परदेशी कंपनीनं तो ग्राहकाकडून घेऊन इथं भरायचा. २० डॉलरचा प्लॅन काही ठिकाणी २३.६० ला दिसतो तो त्यामुळं. ग्राहक नोंदणीकृत असेल तर कंपनी कर लावत नाही, कर ग्राहकानं स्वतः भरायचा. यालाच रिव्हर्स चार्ज किंवा आरसीएम म्हणतात. तो क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीच्या वजावटीतून, वळता करता येत नाही, रोखीनंच भरावा लागतो. मग त्याचं इनपुट क्रेडिट घ्यायचं. नियमित योजनेत असाल तर शेवटी हिशेब शून्य, पण भरणा करायचा चुकला तर व्याज लागतं.

तुमच्याबाबतीत कंपनीला वाटतंय की तुम्ही टेक्सासचे. कायद्याला तसं वाटत नाही. आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य आणि आयात व्यवहारांवरच्या जीएसटीच्या, कायद्याच्या कलम १३ मध्ये सात खुणा दिल्यात: ग्राहकानं दिलेला पत्ता, बिलिंगचा पत्ता, आयपी पत्ता, कार्ड कुठल्या देशातलं, बँक खातं कुठलं, सिम कार्डाचा देश, लँडलाइन. यातल्या एकमेकांना छेद न देणाऱ्या दोन जुळल्या की ग्राहक भारतातला. तुमचं कार्ड इथलं, इंटरनेट इथलं, सिम इथलं. म्हणजे सेवा भारतात आली, आरसीएम तुमच्या गळ्यात. आणि टेक्सासला दिलेले १.३२ कुठल्याच क्रेडिटमध्ये बसत नाहीत, ते गेले.

एप्रिलपासूनची बिलं घेऊन तुमच्या सीएकडं जा. रक्कम फार नाही, सहा महिन्यांचे दोन हजारांच्या आसपास. आत्ताच मिटवून टाका.

मिरजकर_तिकटी

म्हणजे एका फोटोच्या सॉफ्टवेअरवर टेक्सास सरकार, बँक, बँकेच्या फीवर सरकार आणि परत सॉफ्टवेअरवर सरकार. नवरी एक, करवल्या चार.

चप्पल_लाइन

माझाही अनुभव लिहिते, कारण मी याच्या उलट बाजूनं फसले.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान. पापोशी, कापशी, पुकारी अशा जोड्यांचे फोटो टाकून बाहेरगावी, परदेशी विकतो. त्या वेबसाइटची वर्गणी आणि वर एक छोटं जोड सॉफ्टवेअर, तेही बाहेरचं. पैसे भरताना पानावर दोन गोल दिसले: डॉलरमध्ये भरा किंवा रुपयांत भरा. मला वाटलं, आपण भारतातले, रुपयाच बरा. रुपयाचा गोल दाबला. रक्कम समोर दिसत होती, समाधान वाटलं.

महिनाभरानं हिशेब लावला तेव्हा कळलं, त्या रुपयाच्या आकड्यात त्यांनी स्वतःचा भाव लावला होता. बाजारात डॉलर ८६ च्या आसपास असताना माझ्याकडून जवळपास ९० नं घेतलेला. वर माझ्या बँकेनं वेगळा आकार लावला, कारण पैसे रुपयांत असले तरी दुकानदार परदेशातला.

बँकेत गेले. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, रुपयाचं चिन्ह दिसलं म्हणजे देशी व्यवहार असं नसतं.” तेव्हापासून हे वाक्य मी गल्ल्यावर चिकटवून ठेवलंय.

शिरोली_कोडर

ताई, याचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. रूपांतर तुमच्या बँकेऐवजी दुकानदाराच्या बाजूचा करतो आणि भावात आपलं कमिशन घालतो. परदेशी दुकानदाराकडं असे दोन गोल दिसले तर बहुतेक वेळा त्याच्या चलनातच भरणं स्वस्त पडतं.

खरा रुपयाचा दर आणि रुपयाचं सोंग ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १६ मार्च २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती चालू असतात, परदेशी व्यवहार आपण बँकेच्या अ‍ॅपमधून उघडायचे. ते बटण बंद ठेवा आणि मग रुपयांत भरून बघा. पैसे गेले तर कंपनीची वसुली भारतातून होते. नाकारलं, तर रुपया नुसता रंगवलेला आहे.

दुसरी खूण म्हणजे यूपीआय. पैसे भरायच्या पानावर यूपीआय ऑटोपे असेल तर खात्याचा देश नक्की भारत लागलाय.

चप्पल_लाइन

हे आधी कुणी सांगितलं असतं तर एका कापशी जोडाचे पैसे वाचले असते.

कळंबा_गेमर

एवढं काय डोकं लावताय? व्हीपीएन टाका, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं साइटला दाखवणारं सॉफ्टवेअर, तुर्कस्तान निवडा, तिथल्या दरात घ्या. आमच्या ग्रुपमध्ये सगळे तेच करायचे. विषय संपला.

शिरोली_कोडर

“करायचे” म्हणालास भावा, “करतात” नाही म्हणालास. का बरं?

कळंबा_गेमर

😅 बरं सांगतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्जेंटिना आणि तुर्कस्तान हे आमचे स्वर्ग होते. तिथलं चलन रोज घसरायचं आणि गेमचे दर जुनेच राहायचे. जगभरची पोरं तिथं राहायला गेली, खात्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमनं दोन्हीकडचं स्थानिक चलन बंद करून डॉलरमधले दर लावले. झालं. स्वर्गात भाडं वाढलं. परत यायचं तर तीन महिन्यांत एकदाच देश बदलता येतो, आणि बदलताना त्याच देशातल्या पद्धतीनं पैसे भरावे लागतात. माझं इथलं कार्ड तिथं चालतच नव्हतं, म्हणून एकाकडून तिथली गिफ्ट कार्डं घेतली होती. शेवटचं कार्ड लागू झालंच नाही. पैसे घेणारा अजून ‘टायपिंग’ करतोय.

मिरजकर_तिकटी

पोरगं प्रामाणिक आहे. लस्सी माझ्याकडून.

परदेशी_पाव्हणा

गिफ्ट कार्डाबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवा. ते बहुतेक वेळा ज्या देशाच्या स्टोअरचं असतं तिथंच चालतं. गेल्या दिवाळीला मी पुतणीला इथलं पंचवीस डॉलरचं पाठवलं, तिचं खातं भारताचं. अजून ते माझ्या मेलमध्ये तसंच पडलंय. आणि व्हीपीएनवाल्यांनो, २०२४ च्या जूनमध्ये यूट्यूबनं दुसऱ्या देशातून स्वस्तात घेतलेली प्रीमियम सबस्क्रिप्शनं रद्द करायला सुरुवात केली होती. तेव्हा आपलं नशीब आपल्याच हातात.

निवृत्त_मास्तर

मी वाचत होतो. मला तांत्रिक कळत नाही, म्हणून बाळबोध प्रश्न विचारतो. वस्तू एक, ती पाठवायला गाडीभाडं नाही, हमाली नाही. मग देशागणिक दर वेगळा ठेवणं ही लबाडी नव्हे काय?

शाहूपुरी_सीए

सर, लबाडी म्हणावी तर ती आपल्या बाजूची. यूट्यूब प्रीमियम २०२५ मध्ये अमेरिकेत १३.९९ डॉलर होतं, म्हणजे बाराशेच्या वर. आपल्याला १४९ रुपये. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला ४९९ चा बेसिक प्लॅन १९९ वर आणला. तिकडचा भाव लावला असता तर इथं कुणी घेतलंच नसतं. एक जादा ग्राहक आला तर कंपनीचा खर्च जवळपास वाढत नाही, म्हणून ज्याची जेवढी ऐपत तेवढं घ्यायचं. गुळाच्या सौद्यात तरी काय होतं? रवे एकाच गुऱ्हाळाचे असतात, पण समोर घेणारा कोण उभा आहे त्यावर बोली चढते.

निवृत्त_मास्तर

गुळाच्या सौद्यात बोली सगळ्यांसमोर होते, सीएसाहेब. इथं शेजाऱ्याला काय भाव लागला ते कळत नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे.

शिरोली_कोडर

मास्तर, मुद्दा मान्य. आणि ऐपतीचा हिशेब सगळ्याच कंपन्या करत नाहीत हेही खरं. आम्ही कामाला वापरतो त्यातली निम्मी साधनं जगभर एकाच डॉलर दरात आहेत. कॅलिफोर्नियातल्या पगारावर २० डॉलर म्हणजे एकवेळचं जेवण. शिरोलीत नव्यानं लागलेल्या पोराला ती पूर्ण महिन्याची मेस नसली तरी अर्धी असते.

काही जण उशिरा शहाणे होतात. चॅटजीपीटीचा प्लस प्लॅन बरेच दिवस इथंही २० डॉलर अधिक कर असा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी रुपयांत दर लावले, प्लस १,९९९ आणि खाली ३९९ चा नवा प्लॅन, यूपीआयसकट. पण ज्यांचं जुनं खातं डॉलरवर आहे त्यांनी ते आपोआप बदललं असेल असं धरू नये. आपापलं बिल उघडून बघावं.

अजून एक. तीच वर्गणी आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतली तर काही ठिकाणी महाग पडते, कारण अ‍ॅप स्टोअर १५ ते ३० टक्के कमिशन घेतं आणि कंपन्या ते आपल्यावर ढकलतात. वेबसाइटवरचा दर आधी बघायचा.

आजरा_घनसाळ

माझा वेगळाच प्रॉब्लेम. मुलगी आयर्लंडला गेली, तिला आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये ठेवायचंय. तिनं स्टोअरचा देश बदलला आणि प्लॅन बोंबलला. परत भारत करायला गेली तर म्हणतंय आत्ता नाही.

शिरोली_कोडर

काकू, गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो. जुन्या देशातली शिल्लक जुन्या देशातच राहते, नव्यात वापरता येत नाही. अ‍ॅपलला तर आधी शिल्लक संपवावी लागते, चालू सबस्क्रिप्शनं बंद करून मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, मग देश बदलतो. फॅमिली प्लॅनला बहुतेक ठिकाणी सगळे एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात लागतात. तिला तिकडं विद्यार्थ्यांचा प्लॅन मिळतो का बघा. एक वर्षासाठी एवढा आटापिटा नको.

आजरा_घनसाळ

घर एकच आहे हो, ती तेवढी लांब आहे.

फोटोवाला_राजारामपुरी

काकू 🙏

आता माझं ऐका. कंपनीच्या सपोर्टला लिहिलं की देश भारत करा, दोस्तासारखा रुपयाचा प्लॅन द्या. उत्तर आलं: तुमचा करार वार्षिक आहे, पैसे फक्त मासिक. करार चालू असताना देश बदलता येत नाही. मोडायचा तर उरलेल्या महिन्यांची निम्मी रक्कम भरा.

मी वार्षिक करार कधी केला? तर मार्चच्या २४ तारखेला फुकट चाचणी घेतली होती, तेव्हा खाली बारीक अक्षरात होतं. आणि मला ती चाचणी रद्द करता आली असती, पण इथं माझी दुसरी शोकांतिका आहे. मेलमध्ये लिहिलं होतं, चाचणी ०४/०७ पर्यंत. मी वाचलं चार जुलै. वाटलं, अमेरिकन माणसं दिलदार, अख्खी लग्नसराई फुकट दिली. भावाला फोन करून आभारही मानले.

७ एप्रिलला १,९०९ कापले. तेव्हा कळलं, तो चार जुलै नव्हता, सात एप्रिल होता. चाचणी चौदाच दिवसांची होती.

मिरजकर_तिकटी

भाऊ काय म्हणाला आभार मानल्यावर?

फोटोवाला_राजारामपुरी

“असू दे की दादा, त्यात काय.” त्याला वाटलं खातं काढून दिलं म्हणून आभार मानतोय.

शिरोली_कोडर

दादा, तुम्ही फोनचा प्रदेश उगाच बदलला नाहीत. तारखेचा घोटाळा तेवढा त्यानं सुटतो. पण अ‍ॅपमधलाच. मेल कंपनीकडून लिहून येतो, तो खात्याच्या देशाप्रमाणंच येणार.

चप्पल_लाइन

ऑटोडेबिटच्या आधी बँकेचा मेसेज येतो ना? तो नाही आला?

शाहूपुरी_सीए

यायला हवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला २४ तास आधी सूचना बंधनकारक आहे. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण सूचना येते आणि तिच्यातूनच ती वसुली थांबवता येते. पहिली संमती मात्र तुम्हीच ओटीपी टाकून दिलेली असते, चाचणी सुरू करताना.

फोटोवाला_राजारामपुरी

आला होता. ६ एप्रिलला. त्या दिवशी उचगावला हळद आणि रात्री वरात. मेसेज बघायला फोन हातात कुठं होता, हातात कॅमेरा होता.

बरं, आता मोडू का करार? दर महिन्याला ७७५ रुपये जास्त जाताना बघवत नाही.

शाहूपुरी_सीए

थांबा, आधी मांडू. सप्टेंबर धरून सहा हप्ते गेले, सहा उरले. सहा वीस १२० डॉलर, निम्मे ६०. ८८ च्या भावानं ५,२८०, त्यावर मार्कअप आणि त्याचा कर मिळून २१८. म्हणजे मोडायला साधारण ५,५००. वर टॅक्सासनं त्यावरही हात मारला तर वेगळं.

मोडून भारताचा प्लॅन घेतला तर सहा महिन्यांत वाचणार सहा गुणिले ७७५, म्हणजे ४,६५०.

आठशे-साडेआठशे रुपये घालून रागाला वाट करून द्यायची असेल तर मोडा.

निवृत्त_मास्तर

टॅक्सास हा शब्द मुद्दाम की चुकून?

शाहूपुरी_सीए

चुकून सर, पण राहू द्या.

शिरोली_कोडर

मीही म्हणतो थांबा. तोवर दोन कामं करा. मार्कअप नसलेली किंवा कमी असलेली कार्डं मिळतात, तसं एखादं असेल तर खात्यावर ते लावा. महिन्याला ७७ रुपये तरी वाचतील. दुसरं जास्त महत्त्वाचं. हे सॉफ्टवेअर तुमची आवड शिकत जातं ना? कुठला फोटो ठेवता, कुठला टाकता. ते शिकलेलं या खात्यात आहे. नवं खातं काढाल तेव्हा ते कोरं असेल. प्रोफाइल बाहेर काढून ठेवता येते का ते आत्ताच विचारा, शेवटच्या दिवशी नको.

फोटोवाला_राजारामपुरी

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सहा महिने त्याला शिकवतोय की नवरीची आत्या कुठल्याच फोटोत गाळायची नाही, डोळे मिटलेले असले तरी.

फोटोवाला_राजारामपुरी

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय, कारण अर्धवट सोडलेला बरा दिसत नाही.

करार मोडला नाही. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडं मार्कअप नसलेलं कार्ड निघालं, ते लावलं. ऑक्टोबरचा हप्ता मार्कअपविना गेला, स्टेटमेंटवर एकच ओळ. आरसीएमचं सीएंना दिलं, त्यांनी एक उसासा सोडला आणि भरून टाकलं. प्रोफाइलची फाइल निघते, दोन हार्ड डिस्कवर ठेवली. दोस्ताच्या लॅपटॉपवर उघडून बघितली, आत्या शाबूत आहे.

नवीन खातं आत्ताच काढून ठेवलंय, फुकटचं, पैसे न भरता. देश भारत, पत्ता राजारामपुरीचा, जीएसटी नंबर टाकला. प्लॅनच्या पानावर ९९९ अधिक १८ टक्के दिसतंय आणि खाली यूपीआय. पैसे भरायच्या दिवशी परदेशी व्यवहाराचं बटण बंद करूनच भरणार, चप्पल लाइनच्या ताईंना स्मरून.

जुन्या खात्यावर नूतनीकरणाची तारीख पुन्हा ०४/०७ लिहिलीय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ५ एप्रिलला लाल पेनानं मोठा गोल केलाय. बायकोनं काल विचारलं, हा कुणाचा मुहूर्त?

मिरजकर_तिकटी

काय सांगितलंस मग?

फोटोवाला_राजारामपुरी

म्हटलं, टेक्सासहून परत यायचा.